गच्चीवरची काळी माती

"छबू, दारं मोड गं! वाफा प्याला!"

ही हाक चतुराबाईची, म्हणजे छबूबाईच्या सासूची. विहिरीवरच्या इंजिनाची धडधड चालू असायची आणि तिच्याही वरून हा आवाज पाटाच्या पार टोकाला पोचायचा. छबूबाई तेव्हा नवी नवरी. कुरुळीच्या रानात पहिल्यांदाच पाण्याला उभी राहिलेली. खोऱ्यानं माती ओढून भरल्या वाफ्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं, काम एवढंच. पण तिचा हात उचलायचाच नाही. तिला वाटायचं, अजून जरा भरू दे, पाणी काठोकाठ चमकू दे. मग सासू बांधाबांधानं चालत यायची, तिच्या हातातलं खोरं घ्यायची आणि सांगायची, चमकतं ते पाणी उन्हाचं. दिसेनासं झालं ते आपलं. आणि जाता जाता गुणगुणायची:

काळीच्या कुशीमधी पाणी निजलं गाढ गं
हळू टाक पाय सुने, त्याची झोप मोडंल गं

चतुराबाई गेली, इंजिन भंगारात गेलं, आणि मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यात ती काळीसुद्धा गेली.

काळी गेली म्हणजे जमीन विकली नाही बरं का. जमीन जागच्या जागी होती. ओढ्याकाठचा तो शेवटचा तुकडा, दोन बाजूंना कंपन्यांच्या भिंती, एका बाजूला रस्ता. छबूबाईचा लेक जयदीप डंपरचा धंदा करायचा. चाकणच्या एका पार्टीला ट्रेलर उभे करायला मोकळी जागा भाड्यानं हवी होती. ट्रेलरला काळी माती चालत नाही, पावसात चाकं रुततात. म्हणून जयदीपनं जेसीबी लावून वरची सगळी काळी खरवडून काढली, खालचा मुरूम उघडा केला. निघालेली माती मोशीतल्या एका नव्या सोसायटीनं बागेसाठी घेतली. आणि इतकं सगळं झाल्यावर त्या पार्टीला कंपनीच्या गेटाला लागून दुसरी जागा मिळाली. ती इकडं फिरकलीच नाही. रान सोललेलं तसंच राहिलं. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही, दुखऱ्या दातावर कुणी घास चावत नाही तसं.

पाऊस मात्र आपल्या वेळेला यायचा. दाराला कडी दिसल्यावर पाहुणा ओट्यावरूनच माघारी फिरावा, तसा तो मुरमावर पडायचा आणि पडल्या पावली लालभडक होऊन ओढ्यात पळायचा. ओढ्यातनं इंद्रायणीत. पूर्वी विहीर श्रावणभर झिरपून झिरपून भरायची आणि होळीपर्यंत साथ द्यायची. आता ती एका रात्रीत गढूळ पाण्यानं तुडुंब व्हायची आणि दिवाळीची पणती विझायच्या आत तळ दाखवायची. काठावरचा उंबर अवेळी पानं गाळायला लागला. छबूबाई रोज सकाळी जाऊन त्याच्या बुंध्याला हात लावून यायची. तापकऱ्या माणसाच्या कपाळाला लावावा, तसा हात.

वैशाखात एका दुपारी जयदीप जेवायला बसला होता आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून तिला सगळं ऐकू आलं. मोशीच्या सोसायटीचे चेअरमन यशवंतराव बोलत होते. पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर त्यांची बाग. त्या बागेतनं खाली पाणी गळायचं, लोकांच्या गाड्यांवर पांढरे ओघळ यायचे. आता स्लॅबचं वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचं, माती काढून टाकायची आणि वर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरायचं ठरलं होतं. जयदीप म्हणाला, नेतो उद्या. लगेच त्यानं दुसरा फोन लावला तो नानासाहेबांना. नानासाहेबांचं गोडाऊन ओढ्याला चिकटून उभं राहत होतं आणि ओढ्याच्या अंगाचा खड्डा बुजवायला त्यांना मिळेल तो राडारोडा हवा होता. त्यांना जयदीपनं शब्द दिला.

छबूबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बंटीनं डंपरचं दार उघडलं, तर आत म्हातारी आधीच बसलेली. डोक्यावर पदर, मांडीवर पाण्याची बाटली.

"मावशी, ही एष्टी न्हाई," बंटी म्हणाला.

"म्हनून तर बसले. एष्टी कुठं मला पायजे तिथं थांबती?"

जयदीपनं समजावून पाहिलं. ऊन आहे, धूळ आहे, तिथं तुझं काय काम. तिनं काचेतनं पुढं बघत सांगितलं, की दोन वर्षं झाली, पोरगी नांदायला जावी तशी माती मोशीला गेली, एकदा बघून तरी येते. बंटी हसला. जयदीप हसला नाही. तो तिच्या शेजारी चढून बसला आणि गाडी निघाली.

सोसायटीचे मनोरे उंच, आणि त्यांच्या मधोमध, गाड्यांच्या डोक्यावर ती बाग. मजूर घमेल्यांनी माती भरून कठड्यावरनं खाली डंपरमध्ये ओतत होते. छबूबाई रॅम्पवरनं धापा टाकत वर गेली आणि वाफ्याच्या काठाशी थबकली. हिरवळ लावलेली होती म्हणे, ती कधीच जळून गेली होती. शोभेचे पाम पिवळे पडलेले. पण त्यांच्या पायाशी, कुणी न लावता, चिगळ पसरली होती. जाड पानांची, लालस देठांची, पार कठड्यापर्यंत. तांदुळजा होता. आणि उकरलेल्या मातीत बारीक पांढरे शंख, तिच्या पाटातल्या गोगलगायींचे. ती खाली बसली. मूठभर माती उचलून तिनं नाकाला लावली. सिमेंटचा वास होता, आणि त्याच्या मागं, खूप मागं, तिच्या रानाचा.

बाजूला एक तरुण बाई ओढणीत चिगळ खुडून घेत होती. रुपाली तिचं नाव, परभणीकडची. नवरा चाकणला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. मजुरांच्या आधी भाजी वाचवायला धावली होती.

"आमच्याकडं हिला चिवळ म्हणतेत," रुपाली म्हणाली. "ज्वारीच्या भाकरीसंगं लई गोड लागती. दोन वर्षं झाली खाते मी हितली. सोसायटीतले हसतेत, म्हणतेत वहिनी गवत खाते."

"बी माझ्या रानातलं हाय."

रुपालीनं ओढणीकडं पाहिलं आणि थोडी भाजी पुढं केली. छबूबाईनं तिचा हात मागं सारला. म्हणाली, खा गं, लेकीकडनं कुणी परत घेतं का. मूळ तेवढं ठेव म्हणजे झालं. चिगळ बुडख्यावर पुन्हा फुटती.

तेवढ्यात यशवंतराव आले. नोकरीतनं निवृत्त झालेला, नीटनेटका, मनानं सरळ माणूस. त्यांनी या मातीवर खरोखर जीव टाकला होता. टँकरचं पाणी पाजलं, खत घातलं, माळी बदलले. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात ती फुगून कठडा ढकलायची. "फार हट्टी माती आहे हो," ते अगदी दमून म्हणाले.

"हट्टीच हाय," छबूबाई म्हणाली. "सासूवर गेलीय."

यशवंतराव तिला खाली घेऊन गेले आणि पार्किंगचं छत दाखवलं. काँक्रीटमधनं थेंब थेंब पाणी उतरत होतं. आज माती काढत होते तरी कालचं प्यालेलं अजून झिरपत होतं. एका पांढऱ्या गाडीच्या टपावर टप, टप. छबूबाई मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिली. बाकीच्यांना ती गळती दिसत होती. तिला दिसत होतं, की माती आपला धर्म विसरलेली नाही. कुणी उचलून स्लॅबवर मांडली, तरी ती पाणी पोटात घेत होती, धरत होती, आणि हळूहळू खाली सोडत होती. विहीर शोधत होती बिचारी. खाली विहीर नव्हती. गाडी होती.

तिनं यशवंतरावांना विचारलं, ही माती तुम्हाला नकोच ना? ते म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत गेली म्हणजे सुटलो. कुठं टाकता ते तुमचं तुम्ही बघा.

"मग ठरलं," ती जयदीपला म्हणाली. "घरी न्यायची."

चारचौघांत आईशी वाद नको, म्हणून जयदीपनं मान हलवल्यासारखं केलं. डंपर भरला. इंद्रायणीच्या पुलावर गाडी आली तेव्हा छबूबाईनं खाली पाहिलं. पाणी जलपर्णीखाली झाकलेलं, मधेच फेसाचे पांढरे पुंजके. काठाला मात्र गाळाचा लाल थर साचला होता, वाळून नखाएवढे पापुद्रे सुटलेला. मुरूम ओळखू आला तिला. तिनं तोंड फिरवलं.

कुरुळीत रस्ता फुटतो तिथं बंटीनं ब्रेक दाबला. उजवीकडं रान, डावीकडं नानासाहेबांचा खड्डा. त्यानं जयदीपकडं पाहिलं. जयदीपनं नुसतं बोट डावीकडं केलं.

पुढं काय झालं ते बंटी आजही चहाच्या टपरीवर सांगतो. म्हातारी वाकली, स्टेअरिंगखाली हात घातला, चावी फिरवली, उपसली आणि लुगड्याच्या कनवटीला खोचून हाताची घडी घालून बसली. गाडी भर रस्त्यात आडवी. मागं कंपनीची बस, बसच्या मागं टेम्पो, टेम्पोच्या मागं दुचाक्यांची रांग. सेकंड शिफ्टची माणसं. हॉर्न सुरू झाले. बसमधनं एकजण ओरडला, ओ भाऊ, गाडी काढा, पंचिंग चुकंल. बंटीनं खिडकीतनं हात जोडले आणि सांगितलं, माझ्या हातात काही न्हाई राव, चावी मावशींकडं हाय.

जयदीप खालच्या आवाजात बोलत राहिला. नानासाहेबांना शब्द दिलाय. या मातीत सिमेंट आहे, हिरवळीखालच्या प्लास्टिकच्या जाळीचे तुकडे आहेत. आणि किती माती आहे ती? पावसानं वाहून नेली तर काय? चार डंपरांनी कुठं रान होतं का, आई?

तिनं हॉर्न वाजू दिले. मग म्हणाली, रान कुनाच्या बापानं एका दिवसात केलं न्हाई. इहिरीपासनं सुरू करायचं. उताराला आडवा ताल घालायचा, बांधासारखा, जाळी येचून काढायची, पहिल्या साली ताग पेरून गाडायचा. जेवढी माती हाय तेवढी उंबराच्या बुडाशी. तेवढ्यात तरी पाणी बसंल. आणि ओढ्याचं म्हनशील, तर त्याचं तोंड बुजवाय माझी माती जानार न्हाई. दुसऱ्याचा राडा घाल जा म्हनावं नानासाहेबांना, मग तिथंबी मी येते, बसायला मला काय, जागा लागती थोडीच.

मागनं बसचा ड्रायव्हर उतरून आला, तणतणत. आत बघितलं तर घडी घालून बसलेली म्हातारी. त्याचा आवाज उतरला. त्यानं विचारलं, काय झालं काकू? तिनं सांगितलं, काय न्हाई बाळा, माझा ल्योक उजवीकडं वळायचं शिकतोय.

बंटीनं हसू दाबायला मिशीवर हात धरला. जयदीपचे कान लाल झाले. त्यानं रस्त्याकडं पाहिलं, मागच्या रांगेकडं पाहिलं, आणि नानासाहेबांना फोन लावून म्हणाला, आज जमत नाही, माती आमच्याच रानात लागतेय. फोन ठेवून त्यानं तळहात पुढं केला. छबूबाईनं चावी त्याला दिली नाही. बंटीला दिली.

उंबराजवळ डंपरचा हौदा उचलला गेला आणि काळी घरंगळत खाली आली. धूळ उठली, बसली. त्या लाल, उघड्या माळावर तो एवढासा ढीग दिसत होता, नव्या कापडावर जुनं ठिगळ लावावं तसा. बंटी पुढच्या खेपेला निघून गेला. छबूबाईनं पदर खोचला आणि मातीतनं जाळीचे तुकडे वेचायला बसली. थोड्या वेळानं जयदीपही तिच्यासमोर उकिडवा बसला आणि वेचायला लागला. त्याच्या हाताला एक शंख लागला. तो त्यानं चिमटीत धरला, फुंकर मारली आणि ढिगावर परत ठेवला.

"आई, एक विचारू? जेसीबी आला त्या दिवशी तू इथंच होतीस. मी तुला येऊन म्हटलं, की माती काढतोय. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुझं हो आहे. तेव्हा का नाही आडवी आलीस?"

ती वेचत राहिली. उंबरावर एक कावळा येऊन बसला. तिनं हातातला जाळीचा तुकडा बाजूला टाकला, हात लुगड्याला पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलली.

"आडवी यायला मला कुनी इचारलं व्हतं व्हय? तू सांगाय आला व्हतास, इचाराय न्हाई. तुज्या आज्यानं रान इकलं तवा मला सांगितलं, तुज्या बापानं इकलं तवा सांगितलं. मी समद्या टायमाला गप बसले, आन तुमी समद्यांनी ते व्हय धरलं. तर आज ऐकून घे, जयदीप. मी कदीच व्हय म्हनले न्हवते. माजं न्हाई व्हतं. त्या दिशीबी न्हाई व्हतं, आन आजबी न्हाईच हाय."