तिसरी तार

सुनेने ट्रेमधलं एक अंडं उचललं, चष्मा कपाळावर सारला आणि डोळा मिटून अंडं पापणीला टेकवलं. मग ते अलगद जागेवर ठेवत म्हणाली, "बाबा, गार आहे."

"मीटर बघ," सासरे म्हणाले. "सदतीस पॉइंट सात. तुझ्या पापणीपेक्षा सेन्सरमधलं प्लॅटिनम शहाणं असतं, पोरी."

सासऱ्यांना सगळं गाव फोरमन म्हणे. पोलादाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी भट्ट्यांचं तापमान सांभाळलं होतं. निवृत्त झाले तरी खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नव्हता. घरामागच्या खोलीत सुनेचं उबवणी यंत्र होतं. नऊशे अंडी, एकवीस दिवस, आणि एकविसाव्या दिवशी खोलीभर चिवचिवाट. गेली पाच वर्षं हे घड्याळासारखं चाललं होतं, आणि फोरमन ते पाहुण्यांना छाती फुगवून दाखवत.

मागच्या खेपेला मात्र घात झाला. पिल्लं बाविसावा दिवस मावळताना बाहेर आली, तीही मरतुकडी. शंभरावर तर कवचातच गेली. सुनेने एकेक अंडं फोडून पाहिलं होतं आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. आता यंत्रात दुसरी खेप होती आणि तिचा आठवा दिवस चालू होता.

"यंत्र बरोबर आहे, तर मग माझंच बिघडलंय," ती म्हणाली. "ही खेप तशीच गेली तर मी हे काम सोडते. एवढे जीव हकनाक मारण्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

पोरगी उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. तिची समजूत कशी घालावी ते फोरमनना कळेना.

तिनेच विचारलं, "तुमच्या भट्टीवर मीटरचा संशय आला की तुम्ही काय करायचात?"

"सेन्सर काढून बर्फात बुडवायचो. वितळत्या बर्फाचं शून्य कुणाच्या बापाला बदलता येत नाही."

ती उठली आणि थोड्या वेळाने कुटलेल्या बर्फाचं भांडं घेऊन आली. त्यात जेमतेम बर्फ भिजेल एवढं पाणी. फोरमन मनात म्हणाले, होऊ दे हिचं समाधान. त्यांनी हीटरचा खटका बंद केला, सेन्सर ओढून काढला आणि भांड्यात बुडवून ढवळत बसले.

मीटर उतरत उतरत एक पॉइंट तीनवर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी आणखी ढवळलं. आकडा हलेना.

"शून्य यायला हवं ना?" सुनेने हळूच विचारलं.

फोरमनची नजर भिंतीवरच्या मीटरकडून तारेवर गेली आणि तारेवरून यंत्रापर्यंत. मीटर आधी यंत्राच्या पोटाशी होतं. वाकून वाकून सुनेची कंबर धरते म्हणून सव्वा महिन्यापूर्वी त्यांनीच हौसेने ते तिच्या टेबलाशेजारी आणलं होतं. सेन्सरला तारा होत्या तीन. टेस्टर लावल्यावर त्यातल्या दोन आतून एकच निघाल्या. मग कशाला उगाच तिसरी? त्यांनी घरातली दोन पदरी केबल जोडली, मीटरपाशी तारेचा एवढासा तुकडा टाकून दोन स्क्रू एक केले आणि कारखान्यातली चिठ्ठी वर चिकटवली. तसल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी अजून जपून ठेवला होता. 'तपासले', खाली तारीख, 'कशाशी ताडून', आणि सही. 'कशाशी ताडून'च्या पुढे त्यांनी नुसती रेघ मारली होती.

"पोरी, मी गाढव आहे," ते म्हणाले.

"असं काय बोलता, बाबा!"

"ऐक. भट्टीतलं थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. सांधा तापला की इवलासा दाब तयार होतो विजेचा, मीटर तो मोजतं. तिथे दोनच तारा. जन्मभर मी दोनच तारा जोडल्या. पण हा सेन्सर वेगळा. प्लॅटिनम तापलं की विजेला जास्त अडवतं, आणि मीटर ती अडवणूक मोजतं. आता मधली लांब केबलसुद्धा थोडं अडवणारच. तू अंडी टोपलीसकट तोललीस तर वजन जास्तच भरणार ना? तिसरी तार मीटरला टोपलीचं वजन सांगते. मी तीच कापली."

"म्हणजे मीटर सव्वा अंश जास्त दाखवत होतं?"

"आणि हीटर मीटरचंच ऐकतो, म्हणून अंडी तेवढीच गारठत होती. तू म्हणत होतीस तशी."

ती भांड्यातल्या बर्फाकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

फोरमन तरातरा दुकानात गेले, तीन पदरी केबल आणली, तो तुकडा काढून फेकला आणि तीन तारा तीन स्क्रूंना आवळल्या. सेन्सर पुन्हा यंत्रात घातला. थोड्या वेळाने मीटर छत्तीसवर आलं; हीटर बंद असल्याने मधल्या वेळात आणखी थोडी ऊब गेली होती. त्यांनी हीटरचा खटका वर केला आणि हीटर कामाला लागला.

सकाळी आकडा पुन्हा सदतीस पॉइंट सात होता. फोरमनने मात्र तिकडे पाठ केली आणि सुनेकडे पाहिलं. तिने चष्मा वर सारला, अंडं पापणीला टेकवलं. या वेळी ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"आता ऊब आहे," ती म्हणाली.

छत्तीस वर्षांत किती हुशार माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. आकड्यासमोर उभं राहून 'गार आहे' म्हणणारं त्यांतलं एकही नव्हतं. त्यांनी मीटरवरची चिठ्ठी खरवडून काढली, गठ्ठ्यातली कोरी घेतली, तारीख घातली आणि 'कशाशी ताडून'च्या पुढे ठसठशीत लिहिलं: सूनबाईची पापणी.

मग पेन तिच्यापुढे धरलं. "सही तुझी. माझी आता इथे चालत नाही."