जुन्या रूपात परत जा

“आत्या, ते बटण आता नाहीच आहे. काढून टाकलंय त्यांनी.”

“काढून टाकलं म्हंजे? नीट पाह्य. खाली कोपऱ्यात असते, बारीक अक्षरात. आलेल्या पाहुन्याले बाहेरचा रस्ता कोनी मोठ्या अक्षरात दाखवते का?”

पायलने पान पुन्हा तळापर्यंत नेलं. तळाशी काहीच नव्हतं. सुचिताने चष्मा नाकावर सरकवला आणि भाचीच्या खांद्यावरून वाकून स्वतः पाहिलं. परवापर्यंत तिच्या मेलमध्ये डाव्या हाताला कप्प्यांची यादी, वर निळी पट्टी आणि मधोमध पत्रं, असा सुटसुटीत संसार होता. आज सगळं पांढरंफटक, गोल कोपऱ्यांचं झालं होतं, आणि मधोमध एक हसरं चित्र सांगत होतं, ‘तुमचं नवं रूप तयार आहे!’

“मी कधी मांगतलं होतं बे?” सुचिता त्या चित्राला म्हणाली.

हा प्रकार याआधी तीनदा झाला होता. दर वेळी ती कोपऱ्यातलं ‘जुन्या रूपात परत जा’ शोधून काढायची, ते दाबायची, आणि समोर चौकट यायची: परत का जायचं आहे, कारण सांगा. पहिल्या वेळी तिने लिहिलं होतं, ‘सवय आहे.’ दुसऱ्या वेळी, ‘माझं काही अडलं नव्हतं.’ तिसऱ्या वेळी मात्र तिचं डोकं फिरलं होतं. तिने पानभर मजकूर लिहिला आणि शेवटी विचारलं, ‘तुमच्या घरी कोणी जुनं माणूस नाही का?’ उत्तर कधी आलं नाही. पण जुनं रूप परत आलं, तेव्हा त्यांना आपलं म्हणणं पटलं असावं असं तिने धरून घेतलं होतं.

आजच्या दिवशी हे व्हायला नको होतं. साडेबाराच्या गाडीने पायलचे वडील येणार होते.

पायल सकाळी सहाला दारात उभी राहिली होती. पाठीवर एक बॅग, पायात हॉस्टेलच्या चपला. नागपूरच्या क्लासला घालून तिला सहा महिने झाले होते. तिथे दर सोमवारी सगळ्यांचे मार्क माईकवरून वाचून दाखवत, आणि रविवारपासूनच पायलच्या घशाखाली घास उतरत नसे. मागच्या रविवारी तिने नाशिकला फोन करून विचारलं होतं, “पप्पा, मी चार दिवस घरी येऊ?” पप्पा म्हणाले होते, “बघू. टेस्ट झाल्यावर बघू.” काल, गुरुवारी रात्री, कोणाला न सांगता ती गाडीत बसली. तिकीट नाशिकचं होतं, पण मलकापूर आलं तेव्हा धीर संपला आणि ती तिथेच, आत्याच्या गावी उतरली.

सुचिताने भावाला फोन लावला तेव्हा प्रेमानंद शांतच बोलला होता. तो चिडला की शांत बोलायचा. “साडेबाराला पोचतो. दुपारच्या गाडीने तिला परत नागपूरला सोडतो. आणि ताई, तू मध्ये पडू नकोस.”

मध्ये पडायचं हे सुचिताने तेवढ्यातच ठरवून टाकलं होतं. साक्षीदारही तिच्याकडे होता. “तुह्या बापानं पुन्याहून मले काय काय लिवलं, ते दाखवते तुले,” पायलपुढे चहा ठेवत ती म्हणाली होती. “त्यालेही दाखवते. एकोनीस वर्षांचा होता तवा.”

दोघी बसल्या होत्या त्या स्टेशन रोडवरच्या सुचिताच्या ‘सुबोध टायपिंग’मध्ये आता आठ कॉम्प्युटर होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली परीक्षेच्या बॅचेसचं वेळापत्रक, आणि कोपऱ्यात मेणकापडाखाली झाकलेलं पहिलं मराठी टायपिंग मशीन, टाइपरायटर. तिचे वडील पुंजाजी वरवट बकालहून आले ते इथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायला. त्यांनी ते मशीन कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून डोक्यावर आणलं होतं. त्यावर सुचिता शिकली, मग तिने गावातली पोरं शिकवली, आणि पोरांत धाकटा भाऊही बसवला. प्रेमानंदची मिनिटाला चाळीस शब्दांची, चाळीसची स्पीड होती. डोळे मिटून मारायचा.

तो पुण्याला शिकायला गेला तेव्हा तिने त्याच्या शर्टाच्या खिशात एक फ्लॉपी घातली होती. फ्लॉपीत मराठी फॉन्ट होता. “इंग्रजीत लिवू नको,” तिने बजावलं होतं. “इंग्रजीत तुले फक्त मजेत हाये एवढंच लिवता येते.” पोरगं नेट कॅफेवाल्याच्या विनवण्या करून तो फॉन्ट तिथल्या कॉम्प्युटरवर चढवायचं आणि तासाभरात मन मोकळं करायचं. इकडे टेलिफोनच्या तारेवर नेट जोडून, खरखर ऐकत, सुचिता ती पत्रं उतरवून घ्यायची. दोन वर्षांत एकशे बारा पत्रं झाली. ‘प्रेम’ नावाच्या कप्प्यात ती सगळी राखलेली होती, आणि जीव अगदीच उदास झाला की ती त्यातलं एखादं काढून वाचायची. कारण आताचा प्रेमानंद मोठा साहेब होता. तो तिला रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवायचा. ती अंगठा पाठवायची. झालं बोलणं.

कप्पा पायलला सापडला. पहिलं पत्र उघडलं.

मराठीचा मागमूस नव्हता. इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा होता. पहिल्याच ओळीत आर, के, बी, मोठा झेड. पुढे स्वल्पविराम, चौकोन, मग एल, पुन्हा के.

“आत्या, करप्ट झालंय सगळं.”

काय झालं ते सुचिताला कळलं, धंदाच होता तिचा. त्या जुन्या फॉन्टमध्ये बोटं मराठी मशीनसारखीच चालायची, पण दाबली जायची ती इंग्रजीचीच अक्षरं. फॉन्ट त्यांना मराठी कपडे चढवून बाहेर आणायचा. नव्या रूपाने सगळ्यांना सरसकट एकच गणवेश घातला होता. पायलने मजकूर उचलून दुसरीकडे डकवला, आत्याने जुना फॉन्ट लावला, तर अर्धं मराठी आणि अर्धे चौकोन. जोडाक्षरं तर पार गेली. घड्याळात बारा वाजत आले होते. “जाऊ दे आत्या,” पायल म्हणाली. “पप्पा तसंही वाचणार नाहीत.” आणि बॅगेची चेन लावायला लागली.

सुचिता खुर्चीत बसली. काही करायचं म्हणून नाही, नुसतीच बसली. पस्तीस वर्षांच्या सवयीने बोटं आपोआप कीबोर्डवर जाऊन टेकली. समोर आर होता. डाव्या हाताचं बोट वर सरकलं. त. मग के. काना. बी आणि मोठा झेड, म्हणजे ई.

“ताई,” सुचिता मोठ्याने म्हणाली.

पायलने वळून पाहिलं. आत्याची बोटं कळांवर नुसती फिरत होती, दाबत नव्हती. नजर पडद्यावरच्या कचऱ्यावर होती, आणि तोंडातून मराठी येत होतं. जिथे चौकोन आला तिथे ती क्षणभर थांबायची आणि अक्षर पदरचं घालायची. भावाचं बोलणं तिला पाठ होतं.

“‘ताई, जय भीम. मी मजेत हाये असं बाबाले सांग. तुले खरं सांगतो, मले इथं करमत नाई. मेसमध्ये मले वरन वाढा म्हनलो, तं पोरं मले मले करून हासली. आता मी बोलतच नाई. बोटानं दाखवतो.’”

“हे पप्पांनी लिहिलंय?”

“हाव.”

“मी असलं काही लिहिलेलं नाही,” दारातून आवाज आला.

प्रेमानंद चपला काढत होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फक्त पाण्याची बाटली, म्हणजे मुक्काम नव्हताच. “जय भीम, ताई,” म्हणून तो वाकला आणि लगेच सरळ झाला. “पायल, बॅग झाली का?”

“झाली.”

“पानी तं पे,” सुचिता म्हणाली.

“गाडीत प्यायलो. ताई, मी तुला सांगितलं होतं. एका वर्षाचा प्रश्न आहे. मी नाही राहिलो घराबाहेर? मी आलो पळून?”

“कसा राह्यला तेच तिले वाचून दाखवून राह्यली.”

तो पडद्यापाशी आला, वाकला आणि हसला. “हे? यात काय वाचलंस तू? काहीही बनवून सांगतेस पोरीला.”

सुचिताला राग आला. आयुष्यात कोणी तिला खोटं म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारा हा, ज्याचं बोट धरून तिने पहिला धडा गिरवून घेतला होता. ती खुर्चीवरून उठली.

“बस इथं.”

“ताई, गाडी—”

“बस म्हनलं ना बे. चाळीसची स्पीड होती तुही. वाच पुढचं.”

आपल्या पप्पांना कोणी बे म्हणतं, हे पायलने पहिल्यांदाच ऐकलं. त्याहून नवल म्हणजे पप्पा बसले. प्रेमानंदने हात कीबोर्डवर ठेवले ते वैतागून, पण ठेवताना आठही बोटं आपापल्या घरात जाऊन बसली. मनगटं किंचित उचलली गेली, तिने शिकवली होती तशी. पडद्यावरच्या ओळीवर त्याची नजर एक-एक अक्षर सरकू लागली. बोटं आधी हलायची आणि शब्द मागून यायचा.

“‘रोज... सकायी... टेशनावर जातो.’” तो अडखळला. “‘महाराष्ट्र एक्स्प्रेस येते, तं डब्याले हात लावतो. ती आपल्या गावावरून आलेली असते. डब्यावर दव असते. ते पुसत नाई मी. हात तसाच...’”

पुढे चौकोन होता. तो चौकोनापाशी थांबला, पण पदरचं घालायची त्याला गरज पडली नाही. त्याला ते आठवलं होतं.

“‘हात तसाच घेऊन कालेजात जातो. ताई, मी येऊ का?’”

पायल बापाकडे पाहत होती. हा आवाज आणि ही बोली तिने त्याच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. नाशिकच्या घरात ती दोन्ही कधी आलीच नव्हती.

“मग?” तिने विचारलं. “आत्या काय म्हणाली?”

प्रेमानंदने पुढचं पत्र उघडलं. सुचिताचं उत्तर होतं, दुसऱ्या दिवशीचं. सगळ्या पांढऱ्या पानावर दोनच चिन्हं होती. एक अर्धविराम आणि एक एस.

“एवढंच?”

“एवढंच,” तो म्हणाला. उजवी करंगळी आणि डाव्या करंगळीच्या शेजारचं बोट त्याने जागच्या जागी दाबलं. “ये.”

“आणि तुम्ही आलात?”

“नाही.” त्याने हात कीबोर्डवरून उचलले. “येता येतं एवढं कळलं. मंग राह्यलो.”

त्याने खुर्ची मागे सारली आणि पाणी मागितलं. सुचिताने तांब्या दिला. तो उभ्याने प्यायला, तोंड पुसलं, आणि पायलच्या बॅगेकडे न पाहता म्हणाला, “रविवारी तू विचारलंस तेव्हा मी बघू म्हणालो, नाही का?”

पायलने मान हलवली.

“क्लासला मी फोन करतो. राहा आत्याजवळ. सोमवारी नागपूरला जायचं, नाशिकला यायचं, काय ते तू सांग.”

जेवायला तो थांबला. पिठलं-भाकर खाल्ली, मिरचीचा ठेचा दोनदा मागून घेतला आणि गाडीची वेळ झाली तसा एकटाच निघाला. दारात चपला घालताना त्याने विचारलं, “ती पत्रं आता तशीच राहतील का गं, ताई?”

“तशीच. बटन काढून टाकलं त्यायनं.”

“मग?”

“मंग काय? मले वाचता येते. तुलेही येते.” आपल्या दोघांच्या मागे ती कोणालाच वाचता येणार नाहीत, हे त्यालाही कळत होतं. तो रिक्षात बसला.

सुचिता आत आली. पडद्यावरचं हसरं चित्र पुन्हा वर आलं होतं आणि विचारत होतं, ‘नवं रूप कसं वाटलं?’ आज तिने कारण लिहिलं नाही. चित्र बंद केलं आणि कप्पा मिटला.

गाडी सुटायच्या सुमाराला पायलचा फोन वाजला. पप्पांचा मेसेज होता. ना फूल, ना अंगठा. एक अर्धविराम आणि एक एस.

फोन आत्याच्या हातात देऊन पायल कोपऱ्यात गेली आणि जुन्या मशीनवरचं मेणकापड काढलं. रुळावर वहीचं एक पान चढवलं.

“आत्या, कोणतं बोट?”

“उजवी करंगळी. मंग डाव्या करंगळीच्या शेजारचं. जोरात मार, ते कॉम्प्युटर नाही.”

दोन ठोके पडले. फीत कधीचीच वाळून गेली होती, शाई उमटली नाही. पायलने पान ओढून काढलं, उलटसुलट केलं आणि खिडकीच्या उजेडाकडे धरलं. कागदावर नुसते वळ उठले होते. पण वाचता येत होतं.