निजवलेलं मूत्रपिंड

प्रयोगशाळेत अवयव गोठवण्याला सगळेच 'निजवणं' आणि पुन्हा चालू करण्याला 'उठवणं' म्हणत. अनुदान समितीपुढेही संशोधक बाईंच्या तोंडून सवयीने तेच गेलं, "सशाचं मूत्रपिंड आम्ही निजवलं आणि धडधाकट उठवलं."

"आता मढी उठवणार वाटतं!" एका सदस्याने टोमणा मारला आणि बाकीचे फिदीफिदी हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मढी नाही. दात्याचं मूत्रपिंड बर्फात फार टिकत नाही, रुग्ण लांब असला की वाया जातं. ते थांबवून ठेवता आलं तर माणसं वाचतील. पैसे त्यासाठी हवेत."

वयस्कर अध्यक्ष मात्र हसले नव्हते. बैठक संपल्यावर त्यांनी बाईंना जिन्यात गाठलं. "आणि अख्खं माणूस?"

हो म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. पण बाई म्हणाल्या, "नाही साहेब. निजवता येईल. उठवता येत नाही."

अध्यक्षांनी कठडा घट्ट धरला. "अनुदानाला माझा होकार आहे. पण तेवढा शब्द बदला. बायकोला निजवलंय, असं दवाखान्यात सांगितलं होतं मला. मी उशाशी बसून राहिलो, उठेल म्हणून."