भोपळ्याचं खरं नाव

वर्गातली पोरं तिला 'अर्ध्या बाई' म्हणायची. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या नेहमीच्या गणिताच्या बाई, आणि ही अजून शिकवायला शिकणारी, म्हणून अर्धी. तिला राग आला नाही. अपूर्णांकांचा धडा पोरांना एवढा तरी पचलाय म्हणायचा! पस्तिशी उलटल्यावर, घरच्यांच्या नाकावर टिच्चून शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईला कुणी अर्धी म्हणतंय, हेही काही थोडं नव्हतं.

गणित तिच्या हातचा मळ होता. नाकी नऊ आणले ते यंत्रांनी. स्मार्ट बोर्डावर एका जागी बोट टेकवावं, तर रेघ वीतभर डावीकडे उमटायची. घरी टीव्हीला लॅपटॉप जोडून ती सराव करायची, तेव्हा सासूबाई सोफ्यावरून विचारायच्या, "तुझा वर्ग सुटला की माझी मालिका लावशील ना गं?"

या सगळ्या जंजाळात एक खेळ मात्र तिला जमला. प्रत्येक पोराच्या हातात एक टॅब. बोर्डावर प्रश्न आला की उत्तराला बोट लावायचं, मग बोर्डावर प्रत्येकाच्या टोपणनावापुढे पट्टी वर चढायची. टोपणनाव ज्याचं त्यानं घ्यायचं. खरी नावं फक्त तिच्या लॅपटॉपवर दिसायची, कारण कुठला टॅब कुणाचा हे तिनंच भरलं होतं.

"खरं नाव कुणाला कळणार नाही," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "शब्द देते."

"मोठ्या बाईंना पण नाही?"

"त्यांनाही नाही."

मग पोरं सुटलीच. एरवी तोंडाला कुलूप लावून बसणारीसुद्धा टॅबवर तुटून पडायला लागली. सगळ्यात वर कायम 'रॉकेट' असायचं. सगळ्यात खाली कायम 'भोपळा'. भोपळ्याचं उत्तर सगळ्यात आधी यायचं आणि हमखास चुकायचं. "आला रे भोपळा!" म्हणून वर्ग हसायचा, पण त्या हसण्यात माया होती. एकदा भोपळ्याचं एक गणित बरोबर आलं, तर पोरांनी बाक बडवून वर्ग डोक्यावर घेतला.

ही दोघं कोण, हे पहिल्या दिवशी लॅपटॉपवर पाहिलं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. टॅबमागचे आकडे तिनं पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. चूक नव्हती. रॉकेट म्हणजे शेवटच्या बाकावरची ती लांबुडकी पोरगी, त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसलेली, जिला सगळे 'दगड' म्हणायचे. आणि भोपळा म्हणजे वर्गातला कायमचा पहिला नंबर. मोठ्या बाईंची मुलगी.

परीक्षेचे पेपर मोठ्या बाईच काढायच्या. टॅबवरचे प्रश्न मात्र अर्ध्या बाईंचे, ते आधी घरी कळायची सोय नव्हती. दोन आणि दोन किती, हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं. पण तिनं ते मनातल्या मनातही मोठ्यानं म्हटलं नाही. लेखी परीक्षेत ती मुलगी बाटलीत बूच बसवल्यासारखी बसायची. टॅबवर भोपळा झाली की तोंड उघडं टाकून स्वतःलाच हसायची. चुकायची मोकळीक तिला तेवढी एकाच जागी होती. अर्ध्या बाई मनाशी म्हणाल्या, असू दे.

तिच्या बी.एड.च्या शेवटच्या पाठाला परीक्षक सर आले. हा पाठ पडला तर अख्खं वर्ष पुन्हा. सर मागच्या खुर्चीवर बसले, शेजारी मोठ्या बाई. पाठ छान रंगला. रेघसुद्धा बोटाखालीच उमटली.

"वा," सर मधेच म्हणाले. "पण हा भोपळा कोण? कोण कच्चं आहे हे शिक्षकाला कळतं, की नुसताच खेळ?"

"मला कळतं, सर. माझ्या स्क्रीनवर..."

"मग आम्हालाही दाखवा की."

लॅपटॉपच्या कोपऱ्यात 'नावं दाखवा' असं बटण होतं. तिनं वर्गाकडे पाहिलं. वर्ग तिच्याकडे पाहत होता.

"सर, मी मुलांना शब्द दिलाय."

"शब्द त्यांना दिलात, पण गुण मला द्यायचेत ना?" सर हसले.

तिनं बटण दाबलं.

बोर्डावरची टोपणनावं एकेक करून पालटली. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मागून आरोळी आली, "ए! रॉकेट मी आहे!" लांबुडकी पोरगी बाकावर चढून दोन्ही हात वर करून उभी होती. पोरं वळून बघायला लागली, दोघीतिघींनी टाळ्याही वाजवल्या. मग सगळ्यांच्या नजरा पट्ट्यांवरून खाली घसरल्या. खी खी सुरू झाली. तेवढ्यात कुणीतरी अगदी साधेपणानं विचारलं, "मग हिला परीक्षेत एवढे मार्क कसे पडतात?"

हसणं थांबलं. सगळा वर्ग मागे वळला. मोठ्या बाई पेनाला टोपण लावत होत्या. ते बसतच नव्हतं.

मधल्या सुट्टीत मुलीनं स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतलं. आतून नळाचा आवाज येत होता. नळ बंद केला असता तर रडणं ऐकू आलं असतं, म्हणून तो बंद होत नव्हता. मोठ्या बाई दाराला कपाळ टेकून म्हणत होत्या, "बाहेर ये गं, पिल्लू. आई ओरडणार नाही." अर्ध्या बाई दिसल्या तशा त्या सरळ झाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या,

"यंत्रं चुकतात, नाही?"

"हो," ती म्हणाली.

हेडसरांच्या खोलीत परीक्षक चहा पीत होते. "डबे द्यायला आलेल्या पालकांच्या कानावर गेलंय," हेडसर म्हणाले. "माझ्या शाळेत पेपर घरी फुटतात का, असं विचारतायत!" मोठ्या बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

येताना वाटेतच अर्ध्या बाईंनी ठरवलं होतं. मला नापास करा, पण पोरीला त्या दाराबाहेर येऊ द्या.

"चूक माझी आहे, सर. टॅब जोडताना घोळ झाला. ती उत्तरं तिची नव्हतीच."

"मग कुणाची होती?"

एवढा पुढचा विचार तिनं केलाच नव्हता. गणिताच्या बाईला शोभणारी गोष्ट नव्हती ही. इकडून वजा केलेलं तिकडे कुठंतरी मांडावं लागणारच.

"सांगा की, बाई. अदलाबदल कुणाकुणाची झाली?"

"सात नंबरचा टॅब," ती म्हणाली, "आणि सतरा."

"सतरा कुणाचा?"

"शेवटच्या बाकावरचीचा."

खोलीतली हवाच बदलली. हेडसर खुर्चीत मागे रेलले. "हां! मग बरोबर! मी म्हणतच होतो, ती आणि रॉकेट?" परीक्षकही हसले. पुरावा कुणी मागितला नाही. लॅपटॉप कुणी उघडला नाही. दुसऱ्या कुठल्याही पोराचं नाव घेतलं असतं तर दहा प्रश्न आले असते. मोठ्या बाई खाली बघत होत्या. खोटं पचलं, पण तिच्या तोंडाची चव गेली.

"निष्काळजीपणाचे थोडे गुण कापावे लागतील," परीक्षक उठता उठता म्हणाले. "पण चूक कबूल केलीत, तेव्हा पास तुम्ही."

मग वर्गात जाऊन तिला सांगावं लागलं. दोन टॅबांची उत्तरं एकमेकींच्या नावावर पडत होती. "हात्तिच्या, तरीच!" वर्ग म्हणाला, आणि सगळं पुन्हा आपापल्या जागी बसलं. पहिला नंबर ओल्या चेहऱ्यानं बाकाकडे बघत होता. वर्गात तिच्याशिवाय आणि अर्ध्या बाईंशिवाय कुणालाच नक्की माहीत नव्हतं, आणि तिनं मान वर केली नाही. तिची नजर आपल्याला झेपली नसती, हे अर्ध्या बाईंना तेव्हाच कळलं.

शाळा सुटल्यावर ती टॅब चार्जिंगच्या कपाटात लावत होती, तेव्हा लांबुडकी पोरगी दाराशी येऊन उभी राहिली. दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत.

"बाई, रॉकेट तर मीच टाइप केलं होतं."

"नाव तुझंच होतं," ती म्हणाली. हातातली वायर कुठं खुपसायची ते तिला सुचेना. "उत्तरं... ती तिकडची येत होती."

खरं बोलायला अजूनही वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या पलीकडे ते बाथरूम होतं, आणि नळ. तिनं वायर खुपसली.

पोरीनं बराच वेळ विचार केला. बोर्डावर एखादं अवघड गणित आलं की करायची, तसाच, ओठ चावून.

"मलाही वाटलंच होतं," ती म्हणाली. "एवढं कुठलं यायला मला." मग दप्तर खांद्यावर टाकत म्हणाली, "बरं झालं बाई, घरी सांगायच्या आधीच कळलं."