मासोळीचं वल्हं

मासोळीनं तुटकं वल्हं थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. वहिनी भांडी विसळत होती.

"बघ, तुझ्या कारखान्याचा प्रताप!"

मासोळी म्हणजे तिची धाकटी नणंद. पाण्याबाहेर जीव रमत नाही म्हणून घरात हेच नाव पडलेलं. तलावावरच्या शर्यतींत ती वल्हवायची, आणि तिच्या वल्ह्याची पाती ज्या इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणाऱ्या राळेत, घडवली जात, ती इपॉक्सी वहिनीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तयार व्हायची. काठावरच्या दगडाला पातं जरासं लागलं आणि कड बिस्किटासारखी तुटली.

"दगडावर आपटायला कुणी सांगितलं होतं?"

"मग तलावाला सांग ना, दगड बाजूला घे म्हणून!"

वहिनी हसली, पण ती तुटकी कड तिच्या मनात सलत राहिली. इपॉक्सी ताकदीला कमी नव्हती. ओढा, दाबा, हूं की चूं करायची नाही. पण एकदा बारीकशी चीर पडली की तिला अडवणारं आत कुणीच नव्हतं. ती सरळ आरपार जायची.

दुसऱ्या दिवशी तिनं विभागप्रमुखांपुढे विषय काढला. माल नितळ हवा हा त्यांचा ध्यास, म्हणून माघारी सगळे त्यांना काचसाहेब म्हणत.

"यात रबर घालून बघते, सर."

"रबर? बाई, दुधात मिठाचा खडा टाकताय! बघा करून, पण मला दाखवू नका."

तिनं मधासारखं दाट, ओतता येणारं रबर आणून इपॉक्सीत घोटून घोटून मिसळलं. ते आपलं वर येऊन बसलं. चाचणीसाठी ओतलेली पट्टी तयार झाली ती वरून चिकट आणि खालून पहिल्यासारखीच ठिसूळ. काचसाहेबांनी ती नेमकी पाहिलीच. "तेलही गेलं, तूपही गेलं," म्हणून ते मिशीत हसले.

वहिनीला राग आला, पण चूकही उमगली. नुसत्या शेजारानं भागणार नव्हतं, दोघांची सोयरीकच जुळवायला हवी होती. तिनं वेगळं रबर मागवलं. त्याच्या साखळ्यांची टोकं इपॉक्सीशी रासायनिक बंध जोडणारी होती. दोन्ही एकत्र तापवून, सावकाश ढवळत, तिनं आधी ते बंध जुळू दिले आणि मगच इपॉक्सी घट्ट करणारा हार्डनर घातला. घट्ट होताना रबराचे डोळ्यांना न दिसणारे थेंब वेगळे झाले, पण टोकांनी भोवतालच्या इपॉक्सीला धरूनच राहिले. पट्टी दुधाळ निघाली.

चाचणीच्या यंत्राचा हातोडा साध्या पट्टीवर बसला, आणि टक्कन दोन तुकडे. दुधाळ पट्टी मार बसला तिथे पांढरी पडली, थोडी वाकली, पण तुटली नाही. चीर निघाली होती खरी. थेंबाथेंबाशी अडखळून तिचा जोर वाटेतच संपला होता.

काचसाहेब केव्हा मागे येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही.

"पुन्हा मारा," ते म्हणाले. पुन्हा तेच झालं. त्यांनी पट्टी खिडकीशी धरून उलटीपालटी केली. "नितळ हवा असेल त्यांना जुना माल देऊ. हा दिसायलाही तसा वाईट नाही हो."

वल्हेवाल्यानं त्याच मालाचं पातं करून दिलं. मासोळी संध्याकाळी ओलीचिंब होऊन परतली.

"वहिनी, हे वल्हं आहे की उलथनं? मी पाणी मागे लोटते, तर पातंच उलटं वाकतंय!"

रबर जास्त झालं होतं. चिवटपणा आला, पण ताठपणा गेला. वहिनीनं प्रमाण उतरवत नेलं. कधी पातं लवायचं, कधी कड उडायची. शेवटी एक पातं मनासारखं झालं, तेव्हा मासोळीनं ते सगळ्यांदेखत दगडावर हाणलं. वल्हेवाला "अहो, अहो!" म्हणत धावला. कडेला पांढरा डाग तेवढा पडला होता.

शर्यतीत मासोळी चौथी आली. पहिल्या तिघी तिच्याहून तगड्या आहेत, असं तिनंच हसत सांगितलं आणि जेवायला बसली ती दोन माणसांचं जेवून उठली.

सुट्टीच्या दिवशी तिनं वहिनीला होडीत ओढलं. "बनवतेस ते वापरून तर बघ!" वहिनीनं दोन्ही हातांनी जोर लावला, होडी जागच्या जागी गरगर फिरली. काठावरची माणसं हसली, मासोळी तर पोट धरून. वहिनीही हसली, पदर खोचून तिनं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं, आणि होडी हळूहळू पुढे सरकायला लागली.