न्हाणीचं दार

"मसनवटीच्या फाटकाले रंग लावून राहिले, अन् माह्या न्हाणीले दार नाई!"

सकाळी सकाळी शेजारच्या वच्छलाकाकूंचा आवाज भिंतीवरून आमच्या अंगणात आला. डिसेंबरची थंडी, तुरीच्या शेतावरून येणारं बोचरं वारं. काकूंच्या न्हाणीला तीन बाजूंनी विटा आणि चौथ्या बाजूला जुनं लुगडं. वारं सुटलं की काकू एका हातानं लुगडं धरायच्या आणि दुसऱ्या हातानं अंगावर पाणी घ्यायच्या. सून म्हणून त्या घरात आल्या तेव्हापासून हेच चाललं होतं.

आता काकूंच्या नवऱ्याला सुतारकी येत नसती तर गोष्ट वेगळी. पण रामाजीकाकांच्या हातात जादू होती. शाळेची बाकं त्यांची, मारुतीच्या देवळाचं दार त्यांचं, मसनवटीचं फाटकही त्यांचंच. शिवाय गावची नाली तुंबली की फावडं घेऊन काका हजर, आणि सगळं फुकट. शहरातल्या मनीषनगरच्या उंच इमारती आमच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत येऊन ठेपल्या, पण असा फुकटचा माणूस त्या लोकांनाही मिळाला नसता.

कारण असं, की जवानीत काकांनी काही सोडलं नव्हतं. दारू झाली, पत्ते झाले, दुसऱ्याच्या बागेतली संत्री झाली. काकांचं घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती, चर्च शाळेच्या मागं टिनाच्या छपराचं. पुढं उपरती झाली आणि काकांनी मनाशी धरलं, की जेवढं वाईट केलं तेवढं चांगलं केल्याशिवाय देवासमोर उभं राहायचं नाही. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या नावानं सगळ्यांनी मिळून खायची भाकर वाटायची वेळ आली की हे चर्चमधून उठून बाहेर बोअरिंगच्या नळाजवळ जाऊन उभे राहायचे. चर्चमधलं भोजनाचं टेबल डगमगतं होतं, एका पायाखाली वीट. त्याच्या जागी नवं करायला काकांनी गोठ्यात सागवानाच्या फळ्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवल्या होत्या. "हे टेबल माह्या हातानं झालं, का मंग मी तिथं जेवाच्या लायक झालो," म्हणायचे. पण हात लावायची हिंमत होत नव्हती. देवाचं काम, एखादा टवका उडाला तर?

आणि न्हाणीचं दार? "घरचं काम म्हंजे सवार्थ, वच्छले. देव ते धरत नाई."

"देव नसंन धरत, मी तं लुगडं धरून राहिली ना!" काकू म्हणायच्या.

त्या रविवारी मी बोअरिंगवर पाण्याचा गुंड भरत होते. काका नेहमीप्रमाणे बाहेर येऊन उभे राहिले. त्यांच्या मागोमाग नवे पास्टर सुशील आले. पोरसवदा माणूस, शहरातल्या प्रतापनगरहून स्कूटरवर यायचे.

"काका, आत चला ना."

"टेबल नाई झालं अजून, साहेब. नाली उपसाची हाय. मंग पाहू."

पास्टरनं विषय बदलला. "पोरीच्या लग्नात तुम्ही गावाला चूलबंद आवतण दिलं होतं ना?"

"देल्लं होतं तं! कोनाच्या घरी त्या दिवशी चूल पेटू नाई देल्ली."

"एखादा माणूस घरून डबा घेऊन पंगतीत बसला असता तर?"

काका भडकले. "उठवलं असतं त्याले! माह्या जेवनाचा अपमान करते का?"

"मग देवाच्या पंगतीत तुम्ही काहून कामाचा डबा घेऊन फिरून राहिले? त्याचं आवतण चूलबंदच आहे. सगळं त्यानं आधीच रांधलं. आपण विश्वास ठेवून पानावर बसायचं, बस."

काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, तर हसत होते! हसत हसत आत गेले, त्या विटेवरच्या डगमगत्या टेबलाशी गुडघे टेकले आणि भाकर खाल्ली. काकूंनी तोंडाला पदर लावला. मी बाहेरून खिडकीतून पाहत होते. माझा गुंड भरून वाहायला लागला, मला पत्ता नाही.

इथपर्यंत सगळं छान. दुसऱ्या दिवसापासून काका बसले.

बसले म्हणजे बसलेच. लिंबाखाली बाज टाकून ऊन खात, आल्यागेल्याला हसून "राम राम" करत. नाली अर्धी उपसलेली, गाळ रस्त्यावर. शाळेच्या खिडकीचं एक दार लोंबत होतं. कोणी काही सांगितलं की म्हणायचे, "होईन गा. घाई कायची? माह्यावर आता काई बाकी नाई."

सरपंच धर्मेंद्र हादरला. तडक चर्चमध्ये गेला, सोबत आमचे हे, म्हणजे गोविंदा. "पास्टरसाहेब, हे काय शिकवलं तुमी? चांगला कामाचा मानूस बिघडवला ना!"

पास्टरचा चेहरा पडलेला. नाताळ तोंडावर आला होता आणि मांडव काकाच घालत असत. "थोडं काम पण करावं लागते, असं सांगून पाहा ना," आमचे हे म्हणाले. "नाही जमणार," पास्टर म्हणाले. "दिलेलं आवतण परत कसं घेऊ?"

मग सरपंचानं डोकं लढवलं. काकांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता, पण कधीमधी पाय घसरायचा, आणि खाल्ला की असा पस्तावा व्हायचा, की गावाचं एखादं मोठं काम उभं राहायचं. देवळाचं दार एका खर्ऱ्याचंच होतं.

"चारा बुढ्याले खर्रा," सरपंच म्हणाला.

दुपारी पुडी घेऊन मंडळी लिंबाखाली गेली. मी भिंतीवर हनुवटी टेकून पाहत होते. काकांनी पुडी घेतली, घोटली, तोंडात टाकली. सगळे श्वास रोखून उभे.

"काकाजी, पाप लागलं का?" सरपंचानं मायेनं विचारलं.

"लागलं ना."

"मंग नाली?"

"पाप माह्यं, ते फेडनारानं कवाच फेडलं. नाली तुमची हाय गा!" काकांनी पिंक टाकली. "अन् चुना जास्त झाला ह्याच्यात."

आमचे हे तिथंच हसत खाली बसले. सरपंचालाही आवरेना. फक्त वच्छलाकाकू हसल्या नाहीत. ओले केस झटकत न्हाणीतून बाहेर आल्या. "पह्यले गावाचं तरी करत होते! आता कोनाचंच नाई. विश्वासानं दार लागते का हो? मले ह्या जल्मी कडी लावून आंघोळ भेटन का नाई?"

काकांचं हसू थांबलं. त्यांनी लुगड्याकडे पाहिलं, जसं काही आजवर ते तिथं नव्हतंच. तोंडातला खर्रा थुंकून टाकला.

दुसऱ्या दिवशी करवतीचा आवाज आला. गावभर बातमी, काका उठले! सरपंच फावडं घेऊन पळत आला, पास्टर मांडवाच्या आशेनं आले. पाहतात तर ताडपत्री सुटलेली आणि काका न्हाणीपुढं उकिडवे.

"काका," पास्टर चाचरले, "हे टेबलाचं सागवान ना?"

"हो."

"देवासाठी ठेवलेलं?"

"साहेब, त्या डगमगत्या टेबलावर मले भाकर भेटली. आता देवाले लाकूड कायले पायजे? लाकूड हिले पायजे." रंधा चालूच होता. एका फळीचा टवका उडाला, काकांनी तो हसत फुंकून टाकला. "अन् उभे काहून? धरा ना बिजागरं. हे झालं का मांडवाले येतो, मंग नाली. पन सरपंच, फावडं घेऊन तू बी उतरजो बरं."

"आता कायच्यासाठी करता काकाजी? पुन्य तं लागतच नाई म्हने."

"म्हनून तं मजा येऊन राहिली ना, बावा!"

संध्याकाळी दार बसलं. मारुतीला नाही, शाळेला नाही, असं दार. काकू बादली घेऊन आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग निघाल्याचा. मग पुन्हा लागल्याचा.

"वच्छले, काय झालं वं?" काका घाबरले. "अडकून राहिली का?"

"नाई हो," आतून आवाज आला, रडका की हसरा, कळेना. "लावून पाहून राहिली. तुमी जा ना तिकडं."

काका गेले नाहीत. कडी वाजत राहिली आणि आम्ही सगळे हसत उभे राहिलो. मग मी वळून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. आमच्या न्हाणीलाही पोत्याचाच पडदा आहे.

"माह्याकडं काहून पाहून राहिली?" हे मागं सरकले. "आपन कुठं चर्चात जातो!"