तिसऱ्या घोसातली जोडफुलं

तिसऱ्या घोसातली फुलं बघून मालकीणबाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं. तीन-तीन, चार-चार फुलं एकमेकांत मिसळून एकच जाडजूड, बेढब फूल झालेलं. अशा फुलाला धरलेला टोमॅटो वाकडातिकडा होतो, बुडाला चिरा पडतात, कुणी हातात घेत नाही. आणि हे एखाद्या झाडावर नव्हे, हरितगृहातल्या चारही ओळींत.

"खताला वहिनींचा हात फार सढळ," माझा धाकटा दीर लगेच म्हणाला. तो तिथला हीटर सांभाळतो आणि माझ्यावर डूख धरून असतो. "सांगून ऐकतील तर शपथ."

बाई म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी ठरवू. खत जास्त झालं असेल तर मी घरी बसायचं. अकरा वर्षं ही झाडं वाढवली मी. माझं डोकंच फिरलं.

खताचा इथे काही संबंध नव्हता. कळी धरताना झाडाला थंडी बाधली की फुलं अशी चिकटतात. दर सोमवारी मी प्रत्येक ओळीतल्या एका झाडाच्या शेंड्याशी तारखेची चिठ्ठी बांधते. बाकीचे हसतात, हसू देत. पहिले दोन घोस चांगले होते, चौथ्याच्या कळ्याही चांगल्या. तिसरा घोस चिठ्ठीप्रमाणे तीन आठवड्यांपूर्वीचा, आणि त्या सोमवारी चिठ्ठ्या बांधल्यावर आठवडाभर मी इथे नव्हतेच. आईचं कंबरेचं हाड मोडलं म्हणून माहेरी होते. म्हणजे रात्री हीटर बंद राहिला होता. दीर बरा तावडीत सापडला, असं मला झालं.

तीन दिवस मी घरात त्याच्या नावाने बोटं मोडली. नवरा हरितगृहातच पॅकिंगला आहे. तो समोर बसून जेवायचा.

"जाऊ दे ना," म्हणायचा. "खुडून टाक ती फुलं आणि विषय संपव."

शुक्रवारी सकाळी मी दिराला हीटरपाशी गाठलं आणि चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली.

"भावोजी, या आठवड्यात हीटर का बंद होता?"

त्याने चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. "मी सासुरवाडीला होतो. माझी पाळी दादाने केली. चार रात्री झोपून राहिला."

"मग खताचं कुठून काढलंत?"

"तेही दादानेच सुचवलं. बाई वहिनींना काढणार नाहीत, म्हणाला." तो हसला. "आता बोला. कोण घरी बसणार, तुम्ही की दादा?"

मी चिठ्ठी पदराला करकचून बांधली. रागानेच, दुसरं काही नाही.

दुपारी बाई आल्या. नवरा खोक्यांना चिकटपट्टी लावत होता, मान वर केली नाही. मी चिठ्ठी दिली, घोस दाखवला आणि म्हणाले, "हीटर आमच्या ह्यांच्या ताब्यात होता. भावोजींना विचारा." दिराने मान डोलावली. बाईंनी मला कामावर ठेवलं आणि ह्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

बाहेर नळावर नवऱ्याने मला अडवलं. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस. आधी मला विचारायचं होतंस."

"तीन दिवस माझ्या हातचं जेवलात," मी म्हणाले. "सांगायला तोंड रिकामं नव्हतं का?"